लिनक्स मिंटवर फोटो प्रिंटिंग: पासपोर्ट फोटो छोटा येतोय, चेहरे मळकट येतायत, मदत हवीये

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं पंचवटीत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे, सासरे आणि मी मिळून बघतो. दुकानातला पीसी जुना, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर चढत नाही, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते ती यात नाहीये, म्हणून भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत सिस्टीम टाकून दिली. बाकी कामं मस्त चालू आहेत, ऑनलाइन फॉर्म, स्कॅन, मराठी टायपिंग सगळं होतंय आणि मशीन आधीपेक्षा पटकन उघडतं. अडलंय ते फोटोवर. प्रिंटर एप्सनचा सहा शाईंचा टाकीवाला, वायफायवर आहे. मिंटने तो आपोआप शोधला, टेस्ट पेजही निघालं, काळ्या अक्षरांच्या प्रिंट एकदम स्वच्छ. पण ४ बाय ६ इंची ग्लॉसी कागदावर पासपोर्टचे आठ फोटो काढले की पट्टीने मोजल्यावर ३५ मिमीच्या जागी ३३ भरतात आणि ४५ च्या जागी ४२, गिऱ्हाईक तो फोटो फॉर्मवर लावायला नेतं आणि चौकटीत बसत नाही म्हणून परत येतं. साध्या ४ बाय ६ फोटोला चारी बाजूंनी पांढरी पट्टी येते. आणि चेहरे मळकट दिसतात, फोटोवर बारीक रेघा पण असतात. कागद तोच, शाई तीच, विंडोजवर याच प्रिंटरने चांगले फोटो निघत होते. कुठून सुरुवात करू?

सातपूरकर
ताई, प्रिंटर चांगला आहे आणि जोडलाही गेलाय, म्हणजे अवघड काम झालेलंच आहे, काळजी करू नका. तीन गोष्टी सांगा. प्रिंटरच्या यादीत तो एकदा दिसतो की दोनदा? फोटो कुठल्या प्रोग्राममधून प्रिंट करताय? आणि प्रिंट देताना कागदाचा प्रकार काय निवडलेला असतो?

गोदाकाठ
दोनदा दिसतो दादा, नावं जवळजवळ सारखीच आहेत. एक भाच्याने एप्सनचा ड्रायव्हर टाकून जोडला होता, दुसरा आपोआप आलाय. फोटो गिम्प या फोटो एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये मांडते, तिथूनच प्रिंट. कागदाचा प्रकार असं काही मला कुणी विचारलंच नाही, साईज विचारतं फक्त.

अंबडलिंकरोड
ताई, राग मानू नका पण धंद्याच्या ठिकाणी हा व्याप कशाला? एमजी रोडला सेकंडहँड पीसी मिळतात विंडोज ११ चालणारे, एकदाचं घेऊन टाका. लिनक्सवर प्रिंटिंग म्हणजे डोक्याला ताप असं मी बरीच वर्षं ऐकत आलोय.

सातपूरकर
@अंबडलिंकरोड, एकेकाळी होता ताप, नाकारत नाही. पण आज लिनक्सवर प्रिंटिंगचं काम जे सॉफ्टवेअर करतं, कप्स म्हणतात त्याला, ते १९९९ पासून आहे आणि ॲपलच्या मॅकवर पण २००२ पासून तेच आहे, २००७ मध्ये तर ॲपलने त्याचा सोर्स कोडच विकत घेतला. आता ओपनप्रिंटिंग नावाचा गट ते पुढे नेतोय. म्हणजे जगभरातले फोटोग्राफर मॅकवरून जे प्रिंट काढतात त्याच्या पोटात हेच कप्स असतं. आणि मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो त्याची, चळवळच मुळात एका प्रिंटरवरून पेटली होती. एमआयटीच्या लॅबमधल्या झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना म्हणून रिचर्ड स्टॉलमन वैतागले, आणि १९८३ ला त्यांनी ग्नू ही मुक्त सिस्टीम बनवायचा प्रकल्प जाहीर केला. तेव्हा प्रिंटर हा या लोकांचा जुना जिव्हाळ्याचा विषय आहे. आणि चालू मशीन असताना ताईंना नवीन पीसी घ्यायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

ताई, आता तुमच्याकडे येतो, जरा मोठं लिहितोय, सावकाश वाचा.

दोनदा दिसतो कारण तो दोन वेगळ्या वाटांनी जोडला गेलाय. आपोआप आलेला आहे तो ड्रायव्हरलेस, कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर न लागणारा, म्हणजे प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर सांगतो की मी हा, मला हे हे कागद चालतात, आणि सिस्टीम त्यावर विश्वास ठेवून काम पाठवते. मोबाईलवरून प्रिंट देता येते ती पण साधारण याच पद्धतीने. पत्रं, फॉर्म, आधारची प्रिंट यासाठी हा उत्तम. दुसरा आहे एप्सनच्या ड्रायव्हरचा, त्यात कागदाचे प्रकार आणि क्वालिटी जास्त बारकाईने निवडता येते. फोटोसाठी कायम हा दुसराच वापरा. दोघांची नावं सारखी असल्यामुळे कधी हा निवडला जातो कधी तो, आणि मग एकच फोटो सकाळी एक दिसतो नि संध्याकाळी वेगळा, हे तुमच्याकडे होतच असणार.

आता साईजचं. ४ बाय ६ म्हणजे १०२ बाय १५२ मिमी. साध्या ४ बाय ६ मध्ये प्रिंटर चारी बाजूंनी ३ मिमी सोडतो, राहतात ९६ बाय १४६. गिम्पला दिसतं की चित्र १०२ चं आणि जागा ९६ ची, तो अख्खं चित्र दाबून ९६ मध्ये बसवतो. ९६ भागिले १०२ केलं तर ०.९४ येतं. ३५ ला ०.९४ ने गुणा, ३३ आले, ४५ ला गुणा, ४२ आले. तुमच्या पट्टीने बरोब्बर तेच सांगितलंय. उपाय असा की गिम्पच्या प्रिंट खिडकीत इमेज सेटिंग्ज नावाचा टॅब आहे, तिथे पानाचे समास दुर्लक्षित करा अशा अर्थाची खूण असते, ती लावा, आणि खाली रुंदी उंची १०२ बाय १५२ दिसतेय ना ते बघूनच पुढे जा. चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १२०० बाय १८०० पिक्सेलचं ठेवा.

गोदाकाठ
हिशोब बघून पटलं एकदम! पण मग पांढरी पट्टी जायला बॉर्डरलेस निवडायचं का? सगळ्यालाच बॉर्डरलेस लावून टाकलं तर चालेल?

सातपूरकर
नको नको, पासपोर्टला बॉर्डरलेस अजिबात लावू नका. बॉर्डरलेसमध्ये कागदाच्या काठापर्यंत शाई पोचावी म्हणून प्रिंटर चित्र मुद्दाम थोडं मोठं करतो आणि जास्तीचं कागदाबाहेर जातं, त्यामुळे ३५ चे आता ३६ व्हायला लागतील. आणि तुम्हाला पासपोर्टला बॉर्डरलेसची गरजच नाही. फोटो आडवे फिरवून दोन रांगांत चार चार मांडले तर ९० बाय १४० मिमी लागतात, ते ९६ बाय १४६ मध्ये आरामात बसतात, कापायला मधे थोडी जागा सोडली तरी बसतात.

बॉर्डरलेस फक्त गिऱ्हाइकाच्या पूर्ण ४ बाय ६ फोटोला. त्यासाठी पानाच्या साईजमध्येच बॉर्डरलेस लिहिलेली वेगळी ४ बाय ६ असते, ती निवडायची. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, मोबाईलचा फोटो ४ : ३ असतो आणि कागद ३ : २, त्यामुळे कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा साधारण नववा भाग कापला जाणार. ग्रुप फोटोत कडेच्या माणसाचा कान जाऊ नये म्हणून क्रॉप स्वतः करा, मशीनवर सोडू नका.

दुकानासाठी सगळ्यात कामाची युक्ती सांगतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ टाका, कप्सचं पान उघडेल. तिथून तोच प्रिंटर एप्सनच्या ड्रायव्हरवर दोनदा जोडा, एकाचं नाव पासपोर्ट, दुसऱ्याचं फोटो, नावात मोकळी जागा सोडायची नाही. मग प्रत्येकाचे डीफॉल्ट पर्याय तिथेच ठरवून टाका, पासपोर्टला साधा ४ बाय ६, फोटोला बॉर्डरलेस, दोन्हीला ग्लॉसी कागद आणि हाय क्वालिटी. आपोआप आलेला राहू दे, तो कागदपत्रांना. मग सासरे काउंटरवर असले तरी त्यांना फक्त नाव बघून निवडायचंय, आत शिरायची गरज नाही. पासवर्ड विचारला तर तुमचा लॉगिनचाच द्या, तुमचा युजर प्रिंटर सांभाळायची परवानगी असलेल्या एलपीॲडमिन गटात असायला हवा, मिंटमध्ये पहिला युजर सहसा असतोच.

देवळालीकर
आयुष्य छापखान्यात गेलं माझं, ऑफसेटवर, म्हणून रंगाबद्दल लिहितो. ताई, तुमच्या मळकट चेहऱ्यांचं आणि रेघांचं कारण मला तरी कागदाच्या प्रकारात दिसतंय. तुम्हाला कुणी विचारलं नाही म्हणजे तिथे प्लेन पेपर होतं. बऱ्याच जणांना वाटतं की तो पर्याय नुसता माहितीसाठी आहे, तसं नाहीये. कागदाच्या प्रकारावरून ड्रायव्हर ठरवतो की शाई किती सोडायची, थेंब केवढा ठेवायचा, हेड एका ओळीवरून किती वेळा फिरवायचं आणि फिकट निळसर, फिकट गुलाबी या दोन जादा शाया कुठे वापरायच्या. साधा कागद शाई पितो, पसरवतो, म्हणून त्याचा हिशोब वेगळा. तोच हिशोब ग्लॉसीवर लावला की शाई वर मावत नाही नीट, सावल्यांमध्ये मळ दिसतो आणि हेड भरभर फिरल्यामुळे रेघा उमटतात. त्वचेचा रंग तर त्या फिकट शायांवरच उभा असतो, सहा शाईंचा प्रिंटर घेऊन प्लेन पेपरवर फोटो काढणं म्हणजे त्या दोन टाक्यांचे पैसे फुकट घालवणं आहे.

तेव्हा आधी कागद ग्लॉसी करा, मगच रंगाला हात लावा. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी ब्राइटनेस वाढवला, मग लाल कमी केला, तर त्या गुंत्यातून बाहेर येणं कठीण होतं.

दोन गोष्टी नाशिकच्या हवेच्या. एप्रिल मे मध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते, हेडची भोकं सुकतात. त्यामुळे रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खटकन पाडू नका, आधी प्रिंटरचं बटण दाबून तो बंद होऊ द्या, म्हणजे हेड आपल्या जागेवर जाऊन झाकलं जातं. सगळा बोर्ड एकदम बंद करायची सवय असलेल्या दुकानांत हेड चोक झालेली मी खूप पाहिलीयत. रेघा ग्लॉसी निवडूनही राहिल्या तर नोझल चेक काढा, म्हणजे हेडची भोकं चालू आहेत का ते दाखवणारी प्रिंट, प्रिंटरच्या बटणांवरून निघतो, लिनक्सवर गुटेनप्रिंट या मुक्त ड्रायव्हरसंचासोबत येणारा एक छोटा प्रोग्रामही ते करतो. पण हेडचं क्लीनिंग वारंवार मारू नका, त्यात निघालेली शाई आतल्या पॅडमध्ये जाते आणि पॅड भरला की प्रिंटर अडून बसतो. आणि पावसाळ्यात ग्लॉसी कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका, कडा वळतात, मग कागद आत तिरका जातो. प्रिंट काढल्याबरोबर गरम लॅमिनेशन पण नको, शाई पूर्ण वाळू द्या.

गोदाकाठ
काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. दोन प्रिंटर जोडले, ग्लॉसी केलं. साईज आता पट्टीवर बरोब्बर ३५ बाय ४५ येतेय! रेघा गेल्या, फोटोला चमक आली. सासऱ्यांनी स्वतः काढून बघितला फोटो, खूश आहेत. पण आता चेहरे लालसर येतायत, आणि स्क्रीनपेक्षा प्रिंट काळपट वाटतेच. भाच्याने गिम्पमध्ये कुठलंसं प्रोफाईल लावलं होतं त्याचा संबंध असेल का?

कॉलेजरोडचाफोटोवाला
ताई, संबंध आहे, नक्की आहे. मी लग्नाचे आणि इव्हेंटचे फोटो करतो, घरी पूर्ण लिनक्स, डार्कटेबल हा फोटो प्रोसेसिंगचा प्रोग्राम आणि गिम्प. रंगाचं भाषांतर एकदाच व्हायला हवं, एक तर प्रोग्रामने करावं नाही तर ड्रायव्हरने. तुमच्याकडे गिम्पने प्रिंटरच्या प्रोफाईलप्रमाणे, म्हणजे त्याच्या रंगांच्या तक्त्याप्रमाणे, रंग बदलून पाठवले, आणि ड्रायव्हरला ते माहीत नाही, त्याला वाटलं साधा एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या रंगपद्धतीतला, फोटो आलाय, त्याने परत स्वतःची दुरुस्ती केली. दोनदा दुरुस्ती झाली की पहिला फटका त्वचेलाच बसतो. विंडोजवर ही भानगड जाणवत नव्हती कारण तिथे तुम्ही प्रोफाईल लावतच नव्हता बहुतेक.

तुमच्या कामाला माझा स्पष्ट सल्ला, प्रोफाईल काढून टाका. फोटो एसआरजीबीमध्ये ठेवा, रंग ड्रायव्हरवर सोपवा. पासपोर्ट फोटोला एवढं पुरतं. प्रोफाईल असतं एका ठराविक प्रिंटर, शाई आणि कागदाच्या जोडीचं, नेटवरून उतरवलेलं दुसऱ्या कागदाचं प्रोफाईल तुमच्या होलसेलच्या कागदाला लावण्यात काही अर्थ नाही. माझ्यासारख्याला लागतं, कारण मी एकच कागद वर्षभर वापरतो आणि मोठ्या प्रिंट विकतो, तेव्हा आर्गिल नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने रंगांचे चौकोन छापून, मोजायच्या यंत्राने मोजून स्वतःचं प्रोफाईल बनवतो, आणि छापताना गुटेनप्रिंट ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती अनकरेक्टेड करून ठेवतो म्हणजे तो मधे हात घालत नाही. डार्कटेबलमध्ये २०१५ पासून प्रिंटचा वेगळा विभाग आहे, तिथे प्रिंटरचं प्रोफाईल निवडता येतं. मला तो गिम्पपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, ज्यांना फोटोग्राफी म्हणून प्रिंट काढायचेत त्यांनी तिथूनच काढावेत.

आणि काळपट वाटण्याचं, त्यात प्रिंटरचा दोष नसावा. दुकानातल्या मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवर असेल बघा. फोटोचं काम करणारे लोक मॉनिटर साधारण ८० ते १२० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात, दुकानातले त्याच्या कितीतरी वर असतात. आधी मॉनिटर कमी करा, प्रिंट दाराशी उजेडात धरा आणि मग तुलना करा, ट्यूबच्या उजेडात रंग ठरवू नका.

म्हसरूळचीमी
छान धागा, वाचनखूण साठवलीये. एक शंका, माझा छोटा डाय सब, म्हणजे शाईऐवजी रंगाच्या रिबिनवर चालणारा, प्रिंटर घ्यायचा विचार चाललाय, घरगुती, कॅननचा सेल्फी. लिनक्सवर चालेल का?

कॉलेजरोडचाफोटोवाला
चालतो. सेल्फीचं सीपी१३०० मॉडेल गुटेनप्रिंटमध्ये आहे, यूएसबीने जोडायचा, आणि वायफायवर ड्रायव्हरलेस पण होतो. लक्षात घ्या, त्याचा पोस्टकार्ड कागद १०० बाय १४८ मिमी असतो, पूर्ण ४ बाय ६ नाही, म्हणून वरचं साईजचं गणित तिथे बदलतं. लग्नांमध्ये जागेवर प्रिंट देणारे डीएनपी कंपनीचे मोठे प्रिंटर वापरतात, त्यातले आरएक्स१ आणि डीएस६२० पण गुटेनप्रिंटवर चालतात, आणि ते काम मुख्यतः एका स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं खपून केलंय, मला त्याचं फार कौतुक वाटतं. डाय सबला हेड सुकायची भीती नाही, प्रिंट बाहेर येते तीच कोरडी, वर संरक्षक थर असतो. पण रिबिन ठरलेल्या प्रिंटपुरतीच येते, अर्ध्या कागदावर छोटा फोटो काढला तरी पूर्ण फोटोएवढी रिबिन जाते. महिन्याला चार फोटो काढणाऱ्या घरासाठी मी इंकजेटऐवजी हेच सुचवेन.

अंबडलिंकरोड
वाचून माझं मत बदलतंय खरं. माझ्याकडे एचपीचा ऑल इन वन पडून आहे, त्यालाही असंच काही आहे का?

सातपूरकर
एचपीचं स्वतःचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, एचपीलिप, मिंटमध्ये बहुधा आधीच असतं, काही मॉडेलना वरून एक प्लगइन उतरवावं लागतं. पण नवीन वायफायवाला असेल तर नुसता नेटवर्कवर घ्या, ड्रायव्हरलेसच सापडेल. यूएसबीने जोडला तरी आयपीपी यूएसबी म्हणून एक सेवा असते, तिच्यामुळे केबलवरही ड्रायव्हरलेस चालतो. नवीन घेणाऱ्यांनी खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर, ही ड्रायव्हरलेसचीच नावं, लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. कप्सची पुढची मोठी आवृत्ती जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकणार आहे, त्यामुळे हा आधार असलेला प्रिंटर जास्त काळ साथ देईल.

गोदाकाठ
प्रोफाईल काढलं, मॉनिटर खाली आणला. चेहरे आता चेहऱ्यासारखे दिसतायत, लालसरपणा गेला. एकच अडचण राहिली, काही गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो फुटतात, त्याला काय करावं? आणि हो, आमच्याकडे लोकांचे आधार, पॅन, फोटो सगळं येतं, ते मशीनमध्ये साठून राहतं का हे पण सासरे विचारत होते.

म्हसरूळचीमी
फोटो फुटतात कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून छोटा करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाईल येते. आमच्या जवळच्या सायबर कॅफेत तशी पाटीच लावलीये.

सातपूरकर
बरोबर. ३०० डीपीआयला ३५ बाय ४५ साठी ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, म्हणजे व्हॉट्सॲपने दाबलेला चेहऱ्याचा जवळून फोटो पण पुरतो, फुटतो तो लांबून काढलेल्या फोटोतून चेहरा कापला की. तशा वेळी सरळ दुकानातच नवीन काढा, पासपोर्टला ताणलेला फोटो देऊ नका.

सासऱ्यांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, हा प्रत्येक झेरॉक्सवाल्याने विचारायला हवा. हो, साठतं. कप्स छापलेल्या कामाची फाईल डीफॉल्टने एक दिवस ठेवतं, परत छापता यावी म्हणून, आणि कुणी काय नावाची फाईल छापली त्याची यादी तर त्याहून जास्त काळ राहते. तुमच्या दुकानाला हे नको. लोकलहोस्ट ६३१ वर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये कॉन्फिगरेशन फाईल बदलायची सोय आहे, त्यात प्रिझर्व्ह जॉब फाइल्स आणि त्यापुढे नो अशी एक ओळ, आणि प्रिझर्व्ह जॉब हिस्टरी नो अशी दुसरी ओळ घालायची, शब्द जोडून आणि इंग्रजीत, मग सेव्ह केलं की कप्स आपोआप परत सुरू होतं. शिवाय डाउनलोड्सचा फोल्डर आणि व्हॉट्सॲप वेब रोज रात्री साफ करा, कप्सच्या यादीपेक्षा जास्त माल तिथेच पडलेला असतो. आणि अपडेट थांबवू नका, सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स ब्राउझ्ड या भागात मोठं भोक सापडलं होतं, दुरुस्ती आली ती अपडेटमधूनच. दुकानाचं वायफाय गिऱ्हाइकांना देत असाल तर त्यांच्यासाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करा, प्रिंटर आणि पीसी दुसऱ्यावर. राउटरचं मॉडेल इथे टाका, गेस्ट नेटवर्क कुठे असतं ते मी सांगतो.